व्हिंटेज गाडीला सूट, व्हिंटेज माणसाला?

"वय वाढलं की गाडीचा इन्शुरन्स महाग होतो" हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात चार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. चौघेही शिकलेले. चौघांनीही ते अशा थाटात सांगितलं की जणू गुरुत्वाकर्षणाचा नियमच आहे. अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या मंडळींनी हे वाक्य बॅगेतून आणलं असणार, बदाम-पिस्त्यांबरोबर. तिकडे ते खरंही आहे. इकडे नाही. आणि ते खोटं असल्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही असं वाटत असेल, तर तुम्ही माझ्या मामांचं कोटेशन बघितलेलं नाहीये.

मामा एकोणसत्तर वर्षांचे. पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं आणि निवृत्त होऊन लोहगडवाडीत परत आले. लोहगडवाडी म्हणजे लोहगडाच्या अगदी पायथ्याची वाडी. मळवली स्टेशनला उतरायचं, एक्सप्रेसवे ओलांडून भाजे गावातून चढायचं, लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीतून पलीकडे गेलं की आलीच. जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे आता शनिवार-रविवारी तिथे काय होतं ते विचारू नका. पण सोमवार ते शुक्रवार तिथे माणसं राहतात आणि त्यांची बीपी-शुगर सुट्टीवर जात नाही. दवाखाना, बँक, औषधं, गॅस, सगळ्याला खाली उतरायचं. मोबाईलवर टॅक्सी बोलवून बघा एकदा. मीही प्रयत्न केलाय, नकाशावर एक गाडी दिसते आणि ती लोणावळ्याच्या बाजाराबाहेर हलत नाही.

तर मामांकडे २०१३ सालची वॅगन-आर आहे. वर्षाला फार तर तीन हजार किलोमीटर पळते. नो क्लेम बोनस पन्नास टक्के, म्हणजे सर्वात वरची पायरी. ही पायरी २०, २५, ३५, ४५ अशी चढत पाच क्लेम-मुक्त वर्षांनी मिळते. मामा ती केव्हाच चढून वर बसलेत.

यंदाच्या नूतनीकरणाचं कोटेशन आलं ११,३४० रुपयांचं. फोनवरच्या पोराने कारण काय दिलं? "काका, एज फॅक्टर आहे." मामांच्या मुलीने लगेच जाहीर केलं की आता गाडी विकून टाका, या वयात हा खर्च झेपत नाही आणि शोभतही नाही. मामांनी कोटेशन मला फॉरवर्ड केलं. खाली एकच ओळ: बघ जरा.

बघितलं. थर्ड पार्टी २,०९४. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बोनस वजा जाता १,९००. मालक-चालकाचा अपघात विमा ३३०. आणि मग "ज्येष्ठांसाठी खास" या नावाखाली ५,२८६ रुपयांचं गाठोडं: चावी हरवली तर, गाडीतलं सामान चोरीला गेलं तर, गाडी गॅरेजमध्ये असेल तेव्हा रोजचा भत्ता, प्रवाशांचा जादा विमा, बोनस सुरक्षित ठेवायचा विमा, आणि रस्त्यात मदत (हे एकटं २०० रुपयांचं, आणि तेवढं एकच कामाचं). बेरीज ९,६१०, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले ११,३४०.

सांगा, यात वय कुठे आहे? वय आहे ते फक्त फोनवर बोलणाऱ्याच्या तोंडात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला चांगलं ओळखतो. आधीच टिकमार्क केलेले चौकोन, "नको" हे बटण फिकट करड्या रंगात, "मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही" असा पर्याय निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच काढली आणि त्यांना अनुचित ठरवलं. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि गिऱ्हाईकाला लाज वाटेल असं लिहून होकार काढणं, दोन्ही त्या यादीत आहेत. पण फोनवर जो माणूस "तुमच्या वयात रिस्क नका घेऊ काका" म्हणतो, त्याच्या आवाजाला कुठला चौकोन लावणार?

मालक-चालकाच्या अपघात विम्याची गंमत वेगळीच. पंधरा लाखांचा हा विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. पण तो माणसाचा आहे, वाहनाचा नाही. मामांकडे स्कूटर आहे आणि तिच्या पॉलिसीत तो आधीच घेतलेला आहे. जानेवारी २०१९ पासून नियम स्पष्ट आहे की एका माणसाला तो एकदाच पुरतो. हे मामांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. गाठोडं सोडलं, रस्त्यातली मदत ठेवली, दुसऱ्यांदा लावलेला अपघात विमा काढला. ओन डॅमेज मात्र मी काढू दिला नाही. पावसाळ्यात त्या घाटात दरड, झाड, दगड, काहीही गाडीवर येऊ शकतं, आणि नुसत्या थर्ड पार्टीत यातलं एकही बसत नाही. शिवाय ओन डॅमेज बंद केला की नव्वद दिवसांनंतर तो पन्नास टक्के बोनस गेला. नवी रक्कम ४,९४९. निम्म्याहून कमी.

इथे लेख संपवला असता तर तो "पैसे वाचवण्याच्या युक्त्या" झाला असता. पण उरलेल्या ४,९४९ मधला सर्वात मोठा आकडा बघा. थर्ड पार्टीचे २,०९४. त्यावर घासाघीस नाही, कारण तो कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. आणि माझं खरं भांडण इथून सुरू होतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा. नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सक्ती योग्यच आहे, त्याबद्दल वाद नाही. माझ्या गाडीखाली कुणी आलं तर त्याच्या घरच्यांना माझ्या खिशाच्या खोलीवर अवलंबून राहावं लागू नये. पण सक्तीच्या गोष्टीची किंमत कशावर ठरते? जून २०२२ पासून लागू झालेला तक्ता असा: हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६, त्यापुढे ७,८९७. बास. गाडी किती धावते, कोण चालवतो, त्याने आजवर किती जणांना धडक दिली, काही नाही. इंजिनाची नळी किती जाड, एवढंच.

माझ्या टीममध्ये एक जण आहे. त्याचीही वॅगन-आर, तेच ९९८ सीसी इंजिन. वाकड ते हिंजवडी रोज, दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री नाशिक, वर्षाला अठरा हजार किलोमीटर. (गाडी चालवताना स्टँड-अप कॉललाही हजर असतो, पण ते जाऊ दे.) त्याचे २,०९४. मामांचे २,०९४. म्हणजे रस्त्यावर लोकांच्या अंगावर जाण्याची संधी एकाला दुसऱ्याच्या सहापट, किंमत तीच. आणि तो पन्नास टक्क्यांचा बोनस? तो फक्त ओन डॅमेजवर. थर्ड पार्टीत चाळीस वर्षं कुणाला ओरखडाही काढला नाही तरी त्याची किंमत शून्य. गाडी जपली तर बक्षीस, माणसं जपली तर काही नाही.

आणि आता त्याच २०२२ च्या अधिसूचनेतली गंमत ऐका. तिच्यात सवलती आहेत! विजेच्या गाड्यांना १५ टक्के. हायब्रिडला साडेसात. शाळा-कॉलेजांच्या बसना १५. आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला थर्ड पार्टीत तब्बल ५० टक्के. व्हिंटेज म्हणजे २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी, जी रोजच्या वापरासाठी काढताच येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच रस्त्यावर. ही सूट का असावी? जुन्या गाडीचे ब्रेक काही नव्यापेक्षा चांगले नसतात. तिला एअरबॅग नसते, एबीएस नसतं. एकच तर्कशुद्ध कारण उरतं: ती कमी धावते. म्हणजे जो कमी धावतो त्याच्याकडून समाजाला धोका कमी, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. फक्त ते तत्त्व ज्याच्या गॅरेजमध्ये १९६० सालची मर्सिडीज आहे त्याच्यासाठी मान्य आहे. बीपीची गोळी आणायला खाली उतरणाऱ्या वॅगन-आरसाठी नाही.

ऑफिसात हे बोललो तर आमच्या डेटावाल्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. "मग किंमत जोखमीवर ठरवू. पण मग वयही घ्यावं लागेल बरं का. सत्तरीनंतर रिफ्लेक्सेस कमी होतात, डेटा आहे." डेटा आहे, मान्य. जपानने २००९ पासून पंचाहत्तरीच्या वरच्या चालकांना लायसन्स नूतनीकरणाच्या वेळी स्मरणशक्तीची चाचणी लावली. २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरोमध्ये सत्त्याऐंशी वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली, आणि त्यानंतर हजारो म्हाताऱ्यांनी आपणहून लायसन्स परत केलं. हा प्रश्न खोटा नाही आणि मी तो झटकत नाहीये. पण तो प्रश्न गाडी चालवण्याच्या पात्रतेचा आहे. त्याची जागा आरटीओत आणि डॉक्टरकडे. ज्याला दिसत नाही त्याने गाडी चालवू नये, दुप्पट हप्ता भरून तर नाहीच नाही. आणि ज्याला नीट दिसतं त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून जादा पैसे का भरायचे?

वय हा कॉलम टेबलात घालणं फार सोपं असतं, जन्मतारीख सगळ्यांकडे असते. मोजायला सोपं म्हणून महत्त्वाचं, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. युरोपात स्त्री-पुरुष असा कॉलम असाच सर्रास वापरायचे. तिथल्या न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं बंद करा, आणि डिसेंबर २०१२ पासून बंद झाला. विमा कंपन्या बुडाल्या नाहीत. आणि ज्या अमेरिकेचं उदाहरण आपल्याला ऐकवतात तिथल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात वयावरून जादा हप्ता लावायला बंदी आहे, उलट पासष्टीनंतर २५ टक्के सूट कायद्याने द्यावी लागते. बॅगेतून हे कुणी आणलं नाही, बघा.

आपल्याकडे २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्यांना मोकळे झाले. त्या भागात उद्या वयाचा कॉलम आला तर अडवायला कुणी नाही. म्हणून आत्ताच ओरडतोय.

दुसरं उत्तर त्याहून चकचकीत: "पे हाऊ यू ड्राइव्ह." जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने ओन डॅमेजमध्ये अशा जोडण्यांना परवानगी दिली. एक, किती चालवता त्यावर हप्ता. दोन, कसं चालवता त्यावर. पहिलीचं मी स्वागत करतो, पण ती फक्त ओन डॅमेजला आहे, थर्ड पार्टीला नाही. दुसरीबद्दल थोडं थांबू या, कारण हे मला कामामुळे आतून माहीत आहे. असल्या प्रणालीत फोन किंवा गाडीतली डबी मोजते काय? जोरात दाबलेला ब्रेक, झटक्यात घेतलेलं वळण, वेगातले चढउतार, रात्रीची वेळ. त्यातून गुण काढायचे. कागदावर छान.

आता ही डबी घेऊन ऑगस्टमधल्या रविवारी भाज्याहून लोहगडवाडीचा घाट चढा. धुकं असं की बॉनेट दिसत नाही. अरुंद, उभा चढ, नागमोडी वळणं. वळणावर मध्येच गाडी थांबवून धबधब्याबरोबर फोटो काढणारे. समोरून उलट्या बाजूने येणारी मुंबईची एसयूव्ही, कारण तिच्या चालकाला ढगात लेन दिसत नाही. तिथे चांगला चालक करतो काय? ब्रेक दाबतो. जोरात दाबतो. दहा वेळा दाबतो. म्हणूनच सगळे जिवंत घरी जातात! आणि डबी म्हणणार: दहा धोकादायक घटना. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या म्हणून मामा गाडी काढणार, की आणखी गुण वजा. मामांसारखा चालक त्या प्रणालीत नापास होईल आणि हिंजवडीच्या फ्लायओव्हरवर कॉलवर बोलत एका लयीत ऐंशीने जाणारा आमचा मित्र पहिल्या वर्गात पास होईल. हे मॉडेल सपाट शहराच्या डेटावर शिकलेलं असतं. सह्याद्री त्याच्या ट्रेनिंग सेटमध्ये नसतो.

म्हणून माझी मागणी साधी, जवळपास कंटाळवाणी आहे. थर्ड पार्टीत किलोमीटर धरा. कसं चालवता नको, कोण आहात नको. किती चालवता, एवढंच. त्यात ज्येष्ठ नागरिकांना वेगळी सूट मला नकोय, ती मामांनाही नकोय. "एसटीत देतात तेवढी पुरे" हे त्यांचंच वाक्य. वर्षाला तीन हजार किलोमीटर धावणारी तिशीतली गृहिणी असेल, रोज ट्रेनने जाणारा डोंबिवलीकर असेल, त्यालाही तोच दर द्या. पण कमी धावणाऱ्यांत म्हातारे जास्त असणार हे उघड आहे, तेव्हा न्याय आपोआप त्यांच्या दारात जाईल. दया म्हणून नाही.

मग मीटर मागे फिरवतील त्याचं काय, असं हमखास कुणीतरी विचारतं. अरे, पीयूसीला गाडी समोर उभी असते, नंबर प्लेटचा फोटो काढतातच, अजून एक फोटो मीटरचा. दोन-चार वर्षांच्या नोंदी एकाखाली एक आल्या की मागे फिरलेला मीटर शाळकरी पोरगाही पकडेल. आणि तसंही, थोडी चोरी होईल म्हणून सगळ्यांना एकच भाव लावायचा असेल तर विजेचे मीटरही काढून टाका की!

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. चांगलं झालं. पण जो विमा न घेण्याची मुभा आहे त्यावर कर शून्य, आणि जो न घेतला तर कैदेची तरतूद आहे त्यावर १८ टक्के तसाच राहिला. मामांच्या २,०९४ चे २,४७१ होतात ते असे. रक्कम छोटी आहे, पण सक्तीवरचा कर आहे. आणि देशातली निम्म्याच्या आसपास वाहनं, मुख्यतः दुचाक्या, विनाविमा फिरतात म्हणून आपण डोळे विस्फारतो.

उरला एक सापळा, जो खरोखर वयाचा आहे आणि ज्याबद्दल "एज फॅक्टर"वाला पोरगा चकार शब्द बोलला नाही. लायसन्स. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाचच वर्षांचं मिळतं, आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, जोडावं लागतं. मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष अर्ज करता येतो, म्हणून लोक निवांत असतात. पण पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालू धरायचे, ती सवलत त्याच दुरुस्तीने काढून टाकली. म्हणजे आज मुदत संपली आणि उद्या अपघात झाला, तर हातात वैध लायसन्स नाही. ओन डॅमेजचा क्लेम कंपनी नाकारू शकते. पंधरा लाखांचा अपघात विमाही वैध लायसन्सवरच उभा आहे. आणि समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी नंतर मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून ही "आधी द्या, मग वसूल करा" वाट रुळलेली आहे. वर्षानुवर्षं हप्ता भरलेला, पण कार्डावरच्या एका तारखेने सगळं पाण्यात. चावी हरवण्याचा विमा विकायला तुमच्याकडे वेळ आहे, तर ही तारीख फॉर्ममध्ये मागून महिनाभर आधी एक एसएमएस पाठवायला काय जातं? कोडच्या दहा ओळी. मी फुकट लिहून देतो.

गाडी विका म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, मामी भांडते. मामीचं म्हणणं, गाडी गेली की आम्ही दर वेळी कुणाच्या तरी पाया पडून खाली जायचं, आणि पाया पडायचं वय आमचं नाही, तुमचं आहे :)

थर्ड पार्टीचे दर बदलायचे असले की रस्ते वाहतूक मंत्रालय आधी मसुदा प्रसिद्ध करतं आणि हरकती-सूचना मागवतं. २०२२ मध्येही मार्चमध्ये मसुदा आला होता. पुढचा येईल तेव्हा पाठवायचं पत्र मी लिहून ठेवलंय, पानभराचं. मागणी एका ओळीची आहे: व्हिंटेज गाडीच्या सवलतीखाली आणखी एक ओळ घाला, वर्षाला पाच हजार किलोमीटरच्या आत धावणारी कोणतीही खासगी गाडी. ज्याला आपल्या नावाने पाठवायचं असेल त्याने सांगावं, फाईल देतो. मामांनी सही करून ठेवली आहे, तारखेची जागा रिकामी सोडून.